तिसरी हाक

सत्तरच्या दशकात मी नागपुरात पोलिसांच्या चौकशी शाखेत टायपिस्ट होतो. जुन्या फायली दर दिवाळीला रद्दीत जायच्या. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, ते डोक्यात साचत राहतात. आता सांगूनच टाकतो!

*

पोलिसाविरुद्ध अर्ज आला की सुनावणीला शिपाई गणपतराव अर्जदाराच्या नावाने तीन हाका मारायचे. ओ आली नाही की अर्ज निकाली, आरोपी परत ड्यूटीवर! पहिली हाक समोरच्या चहाटपरीपर्यंत जायची, दुसरी व्हरांड्यापर्यंत. तिसरी मला कधी ऐकूच आली नाही.

मी विचारलं, तर म्हणाले, "तिसरी मी मनातच मारतो, बाबू. तो आला तं आपलंच काम वाढते ना गा!"

*

एका वर्षी शहरात वाद पेटला होता. पोलिसांची चौकशी पोलिसांनीच का करायची? नागरिकांची समिती नेमा! एका सभेत निवृत्त हेडमास्तर कडाडले, "दूध प्यायलं मांजरीनं, आणि चौकशीला बोका?" टाळ्याच टाळ्या!

मागच्या रांगेत साध्या कपड्यांत एक हवालदार वहीत खरडत होता. मी विचारलं, "भाषण उतरवून घेता का?"

"नाही गा. भाषण पेपरात येईनच. मी टाळ्या वाजवणाऱ्यांचे नावं लिहून राहिलो."

मी हात खिशात घातले.

*

त्याच हवालदाराविरुद्ध कामठीच्या शंकर नावाच्या विणकराने अर्ज केला, विनाकारण मारतो म्हणून. आठवड्याभरात शंकर चौकीत मेला. "पायऱ्यांवरून पडला," हवालदाराने लिहून दिलं. तो निलंबित झाला.

चौकशी करणाऱ्या आमच्या साहेबांनी विचारलं, "चौकीला पायऱ्या किती?"

"एक, साहेब."

कोणी हसलं नाही. शंकरची आई यमुनाबाई रोज येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसू लागली. "माह्या पोराले काहून मारलं, एवढंच त्याच्या तोंडून ऐकाचं हाये," ती म्हणायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

*

मग चूक माझी. सुनावणीची नोटीस अर्जदाराच्या नावाने जाते, म्हणून सवयीने मी ती शंकरच्याच नावाने टाइप केली. साहेबांनी न वाचता सही ठोकली. चार दिवसांनी पोच परत आली, शंकरच्या सहीसकट!

"कोणाची सही आणली?" मी नोटीस नेणाऱ्या नव्या शिपायावर ओरडलो.

"त्याचीच. घरी मागावर बसला होता. बोलला काही नाही."

यानेच झाडाखाली बसून खरडली असेल, म्हणून मी मूळ अर्ज काढला. दोन्ही सह्यांतला 'श' सारखाच मोडका होता.

*

सुनावणी भर मे महिन्यात, दुपारी बाराला. हवालदार दारात ताठ उभा. अर्जदार मेला तरी हाकांचा नियम चुकत नाही, आणि तीन हाकांनंतर आपण सुटलो, हे त्याला पक्कं माहीत होतं. बाकावर यमुनाबाई एकटीच.

गणपतरावांनी पहिली हाक दिली. दुसरी दिली. मग ओठ मिटून उभे राहिले. साहेबांनी 'गैरहजर' लिहायला पेन उचललं.

"हाजिर, साहेब!" व्हरांड्यातून पुरुषाचा आवाज आला.

यमुनाबाई ताडकन उठली. तिच्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं. हवालदार मात्र दारातून बाजूला सरकला, भिंतीला पाठ लावून, कोणाला तरी वाट देत. त्याची नजर अर्जदाराच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"सांगतो साहेब, सगळं सांगतो," तो म्हणाला. "पण पहिले त्याले पाणी द्या. त्या दिवशी लय मागून राहिला होता."

गणपतरावांनी खुर्चीपुढे पाण्याचा पेला ठेवला. साहेबांनी उचललेलं पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाले, "टाइप करा. अर्जदार हजर."