गेटवरचा फ्लेक्स आणि राहिलेले दीडशे मीटर

मागच्या रविवारी सकाळी कल्याणला गाडीतून उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं... ही गाडी अजून दोन-चार तास लेट का नाही झाली? एरवी लेट झाली की सगळ्यात आधी मीच कटकट करते.

हिमाचलमधला माझा पहिला मोठा ट्रेक संपवून येत होते. पाठीवर सॅक, नाकाची सालं निघालेली, दहा दिवस केसांना पाणी नाही... आणि घरी जायचं धाडस नाही.

झालं असं की शिखरावर मी पोचलेच नाही. दीडशे मीटर राहिलेले. वर पोचलेली आमच्या ग्रुपमधली माणसं दिसत होती, पण माझं डोकं ठणकायला लागलेलं, दोनदा उलटी झाली आणि पाय भलतीकडेच पडायला लागले. लीडर म्हणाला, "दीदी, बस. अब नीचे." मी त्याच्याशी भांडले, रडलेसुद्धा... त्याने काही ऐकलं नाही आणि मला खाली घेऊन आला.

एवढंच असतं तर गिळलं असतं हो. पण दोन दिवसांनी खाली रस्त्याला लागलो, मोबाईलला रेंज आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो दिसला... आमच्या गेटवर हा एवढा मोठा फ्लेक्स! कुठल्यातरी हळदीकुंकवातला माझा साडीतला फोटो कापून काढलेला, मागे नेटवरचा बर्फाचा डोंगर. आणि खाली ठळक अक्षरात, 'हिमालयाचे शिखर सर केल्याबद्दल आमच्या सूनबाई सौ. सुजाता यांचे हार्दिक अभिनंदन!'

हा उद्योग आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. शिखराचा दिवस त्यांनी कॅलेंडरवर गोल करून ठेवलेला. त्या दिवशी सून वर पोचणारच, असं धरून त्यांनी आदल्या दिवशीच फ्लेक्स छापून आणला. दहावीच्या निकालाआधी पेढे सांगून ठेवणाऱ्यांतले आहेत ते.

गंमत म्हणजे सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. "शेहेचाळीसाव्या वर्षी कसले डोंगर चढतेस? गुडघे सरकारने दिलेत का?" पण मी सॅकमध्ये दहा किलो तांदूळ घालून सोसायटीचे सात मजले चढायला-उतरायला लागले, तसे आठवड्याभरात हे खाली खुर्ची टाकून, मनगटावरचं घड्याळ बघत बसायला लागले. "काल यापेक्षा लवकर आलेलीस," असं वर ऐकवायचे.

म्हणून तर जिवाला घोर लागलेला... त्या माणसाचं तोंड पडलेलं मला बघायचं नव्हतं.

नवऱ्याला फोन करून म्हटलं, "अभय, तो फ्लेक्स आधी काढ." तो म्हणाला, "तूच सांग बाई त्यांना. येणाऱ्या-जाणाऱ्याला गेटवर थांबवून दाखवतायत." घ्या!

गाडीत एका जागी बसवेना. वरच्या बर्थवर जा, खाली ये, दरवाजापर्यंत जा, परत ये... समोरच्या काकूंनी शेवटी विचारलंच, पोट बिघडलंय का म्हणून. इगतपुरीला वडापाव घेतला आणि अर्धा टाकून दिला, यावरून काय ते समजा.

खोटं कशाला बोलू, गप्प बसायचाही विचार आला. वर कोण बघायला आलंय? दीडशे मीटरने कुणाचं काय अडतंय? कसारा घाट उतरेपर्यंत माझं जवळजवळ ठरलेलं... नाहीच सांगायचं.

रिक्षा गेटसमोर थांबली. वॉचमनने उभं राहून सलाम ठोकला. मी फ्लेक्सकडे न बघता सटकले.

दारात सासूबाई उभ्या, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. "तिथेच थांब, आत येऊ नकोस." त्यांच्या मागे आप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाईलवर शूटिंग करत. आईंनी तुकडा ओवाळायला हात उचलला आणि माझा बांधच फुटला.

"थांबा आई... मी वर गेलेच नाही. मधूनच परत आले."

आप्पांचा मोबाईल खाली आला. आईंचा हात मात्र थांबला नाही. तीनदा तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "वर गेलीस म्हणून नाही गं ओवाळत. परत आलीस म्हणून ओवाळतात. चल, आत ये."

मी तिथेच उंबऱ्यात बसून भोकाड पसरलं. शेजारचे दार उघडून बघायला लागले, तरी मला थांबता येईना.

 आप्पांनी मात्र जेवताना मान खाली घालून वरणभात खाल्ला, हात धुतले आणि चपला घालून गेले ते गेलेच. चार वाजले तरी पत्ता नाही. माझ्या डोळ्याला डोळा लागेना... शेवटी बघायला म्हणून मीच खाली उतरले.

गेटवर वॉचमनने स्टूल धरलेलं आणि वर बहात्तर वर्षांचे आप्पा. फ्लेक्सवरची पहिली ओळ पांढऱ्या कागदाने झाकलेली, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात, 'हिमालयातून सुखरूप घरी आल्याबद्दल'. आणि सगळ्यात खाली अजून एक पट्टी चिकटवणं चाललेलं... 'उरलेले १५० मीटर : पुढच्या वर्षी.'

"अहो आप्पा, हे काय!"

त्यांनी वळूनही बघितलं नाही. "ती डिंकाची बाटली दे इकडे. आणि दोन दिवस आराम कर. बुधवारपासून जिने सुरू... मी खुर्ची काढून ठेवतो."

फ्लेक्स अजून तिथेच आहे. कागदाचा एक कोपरा सुटलाय, तो येता-जाता मीच दाबून चिकटवते. अशा घरी परत यायला मी घाबरत होते, याची लाज वाटते... आणि खालची पट्टी वाचली की पायांना नुसती खाज सुटते.