अर्ध्या मिनिटाचं कपाट

“कागद आला जी, आता डॉक्टर भाईर याले पायजे,” असं आमचे कंपाउंडर पेशंटला सांगायचे आणि मी पडद्यामागे चहा पीत ते ऐकायचो. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. ती तक्रार होती की नुसती माहिती, हे मला कधीच कळलं नाही. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील; त्यांच्यावर रागावता येत नाही.

अड्याळच्या बाजाररस्त्यावरचा जुन्या डॉक्टरांचा दवाखाना मी घेतला, तेव्हा वजनकाटा, दोन स्टुलं आणि हे कंपाउंडर त्यासोबत आले. पेशंटचे कागद त्यांनी गावागावाचे गठ्ठे करून जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधले होते. पेशंट आला की गठ्ठा सोडायचा, त्याच्या गाईची, धानाची विचारपूस करायची आणि मग कागद काढायचा. मी घड्याळ लावून पाहिलं. सात मिनिटं.

मी तरुण होतो आणि नागपुरात शिकलो होतो, म्हणजे दोन्हीकडून बिघडलेलो. खणांचं लोखंडी कपाट आणलं, नावाच्या पहिल्या अक्षराने कार्डं लावायची. कंपाउंडरांनीच ती सगळी सुबक अक्षरात उतरवली, कुरकुर न करता. गठ्ठे मात्र कपाटावर ठेवून दिले. आता कार्ड अर्ध्या मिनिटात निघू लागलं. पेशंट पूर्वीइतकाच वेळ बसून राहायचा, कारण डॉक्टर तोच होता.

एका बाजाराच्या दिवशी एक सासू सुनेला घेऊन आली. पायाला विळा लागून जखम पिकली होती, अंगात ताप. सुनेचं नाव वच्छला. ‘व’चा खण पाहिला, कार्ड नव्हतं. आधी कधी सुई घेतली का, असं मी विचारलं. सुनेने पदर पुढे ओढला. कधीच नाही, असं सासूने सांगून टाकलं. मी पेनिसिलिन भरलं.

कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवत होते. बाटली तशीच ठेवून ते सुनेजवळ आले.

“माहेरी तुले काय म्हनत होते वं माय?”

“शेवंता,” ती पुटपुटली.

त्यांनी ‘श’चा खण ओढला. लग्नात मुलीचं नावही बदलतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईचंही बदललं होतं. कार्डावर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी थोडक्यात वाचली. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

बाई दुसऱ्या औषधाने बरी झाली. “कपाट बेस हाय जी,” कंपाउंडर मला म्हणाले, “पन त्याले इचारता येत नाई.”

पुढे बऱ्याच वर्षांनी ते एका सकाळी घरीच कोसळले. मुलाने परस्पर भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोस्टातल्या फोनवर मला बोलावून घेतलं. जुना कागद पाहून सांगा, म्हणाले, काय आजार होते, कोणतं औषध चालत नाही?

कपाटात त्यांचं कार्ड नाही, हे अर्ध्या मिनिटात कळलं. मग एकेक गठ्ठा जमिनीवर सोडत बसलो. दुपार गेली. सगळं अड्याळ त्यात होतं, मी आलो त्या वर्षी मला झालेली कावीळही त्यांच्या अक्षरात होती. ते नव्हते.

शेवटचा गठ्ठा बांधत होतो तेव्हा पोस्टाचा माणूस ते गेल्याचा निरोप घेऊन आला.

अकरा वर्षं मी त्यांच्यापासून चार हातांवर बसत होतो. एकदाही त्यांची नाडी पाहिली नव्हती.