दादानं दिलेली चावी

माझा थोरला भाऊ गेला त्या सकाळी त्यानं एका फोनूला चावी दिली होती. ती चावी पुढं दोन महिने त्या यंत्रात तशीच भरलेली होती, आणि ती मी उडवली. मुद्दाम नाही उडवली. पण मुद्दाम नाही म्हणून काय झालं? डोकं नुसतं टोपी ठेवायला वागवलं की असंच होतं.

आताच्या पोरांना फोनू म्हणजे काय ते सांगावं लागतं. फोनू म्हणजे चावीचा ग्रामोफोन. पेटीच्या बाजूला भोक असतं, त्यात हँडल घालून फिरवायचं. आत पोलादी कमान आवळत जाते. मग खटका सरकवला की कमान उलगडत जाते आणि थाळी फिरते, तिच्यावर ठेवलेली गाण्याची तबकडीपण. वीज नको, सेल नको. मनगटात जेवढं बळ तेवढं गाणं. दादाजवळ असे बारा फोनू होते. जुन्या जालन्यातल्या त्याच्या घरात पुढची खोली पाहुण्यांची नव्हतीच, फोनूंचीच होती.

दादा वर्कशॉपातला मेकॅनिक. पगारातून, भंगारातून, कुणाच्या माळ्यावरून त्यानं हे जमवलं. एक तर शहागडला ढाब्यावर एका ट्रकवाल्याकडून घेतला आणि मांडीवर धरून एसटीनं आणला. वहिनी कावायची. "बारा सवती आणून बसवल्या माझ्या उरावर," म्हणायची. दादा हसायचा. मलाही ती चेष्टाच वाटायची, आणि वहिनीला त्या पेट्यांचा खरंच कंटाळा आहे असंही वाटायचं. दोन्ही एकदम वाटायचं. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, पण मला काही म्हणता काही कळलेलं नव्हतं.

त्या सकाळी दादानं खिडकीजवळच्या फोनूला चावी दिली, तबकडी ठेवली आणि म्हणाला, "चहा आण, मंग लावतो." वहिनी कप घेऊन आली तर तो खुर्चीत मान टाकून बसलेला. कुणाला हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही. दहा-बारा दिवस माणसांनी घर भरलेलं होतं. त्या गर्दीत फोनूकडं कोण बघतंय! कुणी खटका सरकवला नाही, ना तबकडी काढली. हे सगळं वहिनीनं मनात ठेवलं, कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

महिन्याभरानं एका पेटीला वाळवी लागली. वहिनीच म्हणाली, "भावजी, आता माझ्याच्यानं झाडणं-पुसणं होत न्हाई. चांगल्या घरी जातेत तवर देऊन टाका. खिडकीजवळचा तेवढा राहू द्या." मी होय होय म्हणालो. माझं होय होय कसलं असतं ते माझ्या बायकोला विचारा.

नवीन जालन्यातले एक शेठजी तयार झाले. राजस्थानातलं घराणं, पण पिढ्या जालन्यातच गेलेल्या; मराठी आपल्यासारखं बोलतात, रागावले की तेवढं हिंदी. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. ते बघायला आले त्या दिवशी वहिनी वडीगोद्रीला बहिणीकडं गेल्ती. शेठजी म्हणाले, घेतो तर बाराच्या बारा, अकरा नको. मी मनात म्हणालो, एक ठेवून ही काय करणार? धूळच पुसणार ना? माझा स्वभाव असा की दुसऱ्याच्या भल्याचं मला लवकर कळतं. दिला शब्द.

एकेक फोनू वाजवून दाखवला. खिडकीजवळच्याला हँडलच सापडेना. सहज म्हणून मी खटका सरकवला तर थाळी फिरायला लागली! मला बरंच वाटलं. चला, चालू आहे म्हणजे. खरं तर तिथंच मला कळायला पाहिजे होतं. काम झालं की कमान मोकळी करून ठेवायची, हा दादाचा नियम. ताणलेली कमान ठेवली की मरते, हे त्यानं मला शंभरदा सांगितलेलं. दोन महिने बंद पडलेला फोनू चावीवाचून फिरतो कसा? माझ्या डोक्यात प्रश्नच आला नाही. तो फिरला आणि थांबला. दुपारी टेम्पो भरून बारा फोनू नदीपलीकडं नवीन जालन्यात गेले. हँडल मागून पाठवतो म्हणालो.

वहिनी परत आली तेव्हा मी पुढच्या खोलीत फडताळं उपसत होतो. ती दारात थांबली.

"काय शोधून राह्यले, भावजी?"

"बाराव्याचं हँडल. तुम्ही ठेवलं का?"

तिनं खिडकीकडं पाहिलं. तिथं भिंतीवर चौकोनी पांढरा डाग तेवढा राहिला होता. मी दात काढत म्हणालो, "दावं ठेवून घेतलं की काय, वहिनी?" आमच्याकडं बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत, घरातच ठेवतात. हँडलपण तिनं तसंच ठेवलं असेल असं मला वाटलं.

ती खाली बसली. देव्हाऱ्याकडं हात करून म्हणाली, "हँडल तिथं ठिवलंय. कुणी वरून चावी देऊ नये म्हणून काढून ठिवलंय. त्यात यांची चावी आहे, भावजी. त्या दिवसाची."

मग तिनं सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, "कुणी खटका तर न्हाई ना सरकवला?"

"न्हाई," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई."

का म्हणालो? भ्यालो म्हणून. साठी उलटलेला माणूस मी, भावजयीला भ्यालो. तिच्या तोंडाकडं बघून खरं बोलायची माझी छाती झाली नाही.

तसाच उठलो, रिक्षा केली आणि शेठजींचं दुकान गाठलं. शेठजी भला माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरची वस्तू आहे, घेऊन जा. मला अकरा बस झाले." मी म्हणालो, जरा दुसऱ्या पेटीचं हँडल द्या. ते बराबर बसलं. दुकानाच्या ओट्यावर बसून मी चावी दिली. देत राहिलो. कमान गच्च झाली, हँडल हटेना, तेव्हा थांबलो. कमी नको पडायला, एवढंच डोक्यात. शेठजी बघत होते. त्यांनी पाणी मागवलं.

फोनू घरी आला. वहिनीनं पदरानं पुसला आणि हळूच पेटीवर तळहात ठेवला. म्हणाली, "देवच पावला बघा." मला तिथं उभं राहवेना. त्यानंतर वर्ष होईपर्यंत मी त्या घरी गेलो की पुढच्या खोलीत बसायचं टाळायचो. माझी बायको म्हणायची, सांगून टाका एकदा, काय फाशी देणार आहेत का? सांगतो सांगतो म्हणायचो. तेपण माझ्या होय होय सारखंच.

दादाचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. वहिनी म्हणाली, "भावजी, बसा थोडं. आज सोडते मी ती चावी. वर्षभर जपली. आता त्यांनी तरी किती अडकून राहावं?"

तिनं त्याच तबकडीवर सुई ठेवली आणि खटका सरकवला. आधी खरखर झाली, मग गाणं सुरू झालं. वहिनी खिडकीच्या कडेला बसली, डोळे मिटून. मी भिंतीकडं बघत होतो. गाणं स्वच्छ वाजलं. कुठं आवाज ओढला नाही, जड झाला नाही. शेवटपर्यंत वाजलं, संपलं, आणि तबकडी नुसतीच फिरत राहिली.

वहिनीनं डोळे उघडले. उठून सुई उचलली. थाळी अजून फिरतच होती.

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या दादांची चावी एका गाण्याला कधी पुरली न्हाई. कमान तुटंल म्हणून अर्धीच द्यायचे. गाणं निम्म्यात रडाया लागलं की मला हाक मारायचे. मंग मी कणकीच्या हातानं येऊन उरलेली द्यायची. लग्न झाल्यापासून मीच देत आले."

मी मान खाली घातली. रडू येत होतं, पण रडायचा हक्क तिचा होता, म्हणून दाबून धरलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "सोडली कवा?"

"शेठजी बघायला आल्ते त्या दिवशी. मला माहीत नव्हतं हो, वहिनी."

"बरं." तिनं तबकडी काढून पाकिटात घातली. "त्यांची ती चावी नीट ऐकली का पण कुणी?"

त्या दिवशी मी खटका सरकवला तेव्हा शेठजी फोनवर बोलत ओसरीत गेले होते. मी हँडल शोधायला पलंगाखाली वाकलो होतो, आणि वर त्या तबकडीवर सुईसुद्धा ठेवलेली नव्हती. थाळी नुसतीच फिरून थांबली होती.

"ऐकली," मी म्हणालो. "मी ऐकली."