चूक यंत्रालाच विचारायला शिकवणाऱ्या सुमनताई

सुमनताई खानझोडे यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शिकलेली मंडळी लिहिणार. सातवी पास माणसाचे लिहिणे तिथे शोभेल का, या काळजीने मी हे चारदा फाडले.

ताईंची पहिली भेट पिपलानीच्या कारखान्यात झाली. गुडघे गेल्याने मला यार्डातल्या ओझी उचलण्याच्या कामावरून काढून स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसवले होते. पडद्यावर चूक कळवणारा आकडा आला की मी घाबरून स्विचच बंद करी. प्रत्येक चूक माझ्या सर्व्हिस बुकात चढते, अशी माझी समजूत होती. ताई कॉम्प्युटर विभागाच्या इंजिनिअर. त्यांनी माझा हात स्विचवरून बाजूला केला.

“वानखेडेभाऊ, ते रागावत नाहीये. काय अडलं ते सांगतंय. विचारा तरी.”

प्रोग्रामच्या भाषेतच प्रत्येक चुकीचा खुलासा साठवलेला असतो. पडद्यावरचा आकडा देऊन तो मागितला की वाक्य येते, हे त्यांनी दाखवले. इंग्रजी वाक्य मी अक्षर अक्षर वहीत उतरवी. जेवणाच्या सुट्टीत ताई स्वतःचा डबा बाजूला ठेवून अर्थ सांगत, तो मी खाली लिहून घेई. एकच गोष्ट पाचदा विचारली तरी त्या हसल्या नाहीत.

पुढे स्टोअरची तपासणी आली. साहेबांनी बजावले होते, शिल्लक मालाची यादी दुपारपर्यंत निघाली नाही तर वानखेडे परत यार्डात. त्याच दिवशी ताई रजेवर, आणि यादी मध्येच थांबून पडद्यावर चुकीचा क्रमांक आला. शेजारचे तिवारीजी म्हणाले, “दादा, अब हनुमानजी को याद करो.” माझा हात स्विचकडे गेला होता. पण मी तो आकडा टाकून खुलासा मागितला आणि आलेले वाक्य वहीत शोधले. त्याखाली, शून्याने भागता येत नाही, असा अर्थ लिहिला होता.

एवढे तर मला शाळेतच शिकवले होते! शिल्लक माल किती महिने पुरेल, हे यंत्र खपाने भागून काढी. यादी ज्या नव्या वॉशरवर थांबली होती, त्याचा खप मीच कोरा सोडला होता आणि यंत्राने तो शून्य धरला होता. फोरमनला विचारून खपाचा आकडा भरला. यादी सरसर निघाली. साहेबांनी सही केली आणि मी निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी धन्यवाद द्यायला गेलो, तर ताई साहेबांना सांगत होत्या, “मी रजेवर होते. चूक भाऊंनी काढली.”

ताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी सहज ओलांडा. माझ्यासारख्या भित्र्यांना धीराने विचारायला शिकवणारे माणूस अजून पुष्कळ वर्षे हवे आहे.