पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. यात माझी कर्तबगारी काहीच नाही, पण मावळात त्याला मान असतो. उसण भरली, कमरेत लचक आली, की पायाळू माणसाकडून पाठीवर हलकी लाथ मारून घ्यायची, दुखणं उतरतं, असं आमच्याकडे सगळेच मानायचे. माहेरी मी परकर सावरत अंगणात यायची आणि मिशीवाले बाप्ये माझ्यापुढं पालथे पडायचे. लग्न होऊन मळवलीजवळच्या गावात आले, तर माझ्याआधी माझ्या पायाची कीर्ती तिथं पोचलेली. भातलावणीच्या दिवसांत चूल पेटायच्या आत दारात कुणीतरी कण्हत उभं असायचं. भाकऱ्या थापू की लाथा मारू, असं मी वैतागून म्हणायची. पण खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते. वाकून आलेली माणसं ताठ होऊन गेलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

आणि माझ्याच घरात माझ्या नवऱ्याची पाठ धरली.

हे एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराचं. लावणी झाली, तण काढायची बेणणी झाली, तरी यांची पाठ काही सुटेना. खांद्यांच्या खाली, मधोमध दुखायचं. संध्याकाळी अंगात कणकण यायची, जेवण अर्ध्यावर राहायचं. सगळ्या गावाला लाथा घालणारी बाई घरात आणि उपयोग शून्य. नवऱ्याला बायकोचा पाय लागणं म्हणजे पाप. झोपेत चुकून लागला तरी उठून नमस्कार करायचा, तिथं मुद्दाम लाथ कोण घालणार? लोक यांची थट्टा करायचे, "भाऊ, लग्नाच्या आदीच लाथ खाऊन घ्यायची व्हती की." हे पण हसायचे.

एका दुपारी मात्र माझं हसू पळालं. हे शेतावरून आले तेव्हा एका पायात वहाण होती आणि दुसरा पाय उघडा.

"दुसरी कुटंय?" मी विचारलं.

ते खाली बघत राहिले. वहाण कुठं निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. टाचेत काटा मोडला होता, रक्त वाळलं होतं, त्याचाही पत्ता नव्हता. मी एवढ्या पाठी बघितलेल्या. उसण भरलेला माणूस ओरडतो, शिव्या देतो, पण त्याचे पाय त्याचे असतात. हे काही उसणीचं नव्हतं.

मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मागं भुणभुण लावून मी यांना लोणावळ्याला नेलं. मळवलीपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. दवाखान्यात पाठीचा एक्स-रे काढला. आम्ही त्याला फोटोच म्हणायचो. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि एका जागी बोट ठेवलं. वरचे मणके नीट एकावर एक, खालचेही नीट, आणि मधले दोन उंदरानं कुरतडल्यासारखे एकमेकांत बसलेले.

"मणक्याला क्षय झालाय," डॉक्टर म्हणाले. "हाड पोखरलंय. तिथला पू आणि चुरा मागच्या मोठ्या नसेवर दाबतोय, म्हणून पायांची जाणीव चाललीय. औषध आहे, इंजेक्शनं आहेत, पण नुसत्या त्यानं भागणार नाही. पुण्याला ऑपरेशन करावं लागेल. खराब हाड काढून तिथं बरगडीचा तुकडा बसवतात."

बरगडीचं हाड पाठीत बसवतात हे मला भाकरीला ठिगळ लावण्यासारखं वाटलं. मी एवढंच विचारलं, "पाय राहतील का?"

"आत्ता गेलात तर राहावेत. पाठीला हिसका बसला तर दोन्ही जातील. कायमचे." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "घरात कुणी पायाळू आहे का?"

"मीच हाय."

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पायांकडं. "लावलात पाय?"

"नवऱ्याला कसा लावनार?"

"देवाची कृपा," म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले. ही रीत नसती तर मी पहिल्याच दिवशी लाथ घातली असती, आणि तीही अगदी प्रेमानं.

पुण्याला खाट मिळेपर्यंत यांना फळीवर उताणं ठेवायचं, उठवायचं नाही, वळवायचं नाही, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं. खरी लढाई तिथं होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. एकुलता एक मुलगा त्यांचा. शेजारच्या वाडीतला एक जण पोटाच्या ऑपरेशनला गेला होता, तो परत आलाच नव्हता. त्या फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "ह्यात काय दिसतंय? मला तर नुसता धूर दिसतोय. आन ह्या धुरापायी माझ्या लेकराची पाठ फाडायची?"

मी समजावलं, चिडले, परत समजावलं. त्यांचं एकच, "समद्या गावाच्या पाटी बऱ्या झाल्या, त्या का फोटू काडून?" झाल्या होत्या खऱ्याच. माझा पाय खरा की तो धूर खरा, हे मला तरी कुठं छातीवर हात ठेवून सांगता येत होतं? फक्त ती हरवलेली वहाण डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पुण्याला निघायच्या आदल्या सकाळी मी पाण्याला गेले. परत आले तर अंगणात माणसं जमलेली. आत्याबाईंनी इंदुरी गावातून एक पायाळू बोलावून आणला होता. आबा म्हणायचे त्यांना; चांगले धिप्पाड, पाय धुऊन तयार. मामांनी आणि भावकीतल्या दोघांनी यांना फळीवरून उचलून घोंगडीवर पालथं टाकलं होतं. यांचं तोंड पांढरंफटक पडलेलं.

"एकदा होऊन जाऊ दे गं," हे घोंगडीत तोंड खुपसून म्हणाले. "आईचं समादान."

आबांनी पाय उचलला.

मी हंडा कुठं टाकला मला माहीत नाही. धावत जाऊन मी यांच्यावर आडवी झाले, पण माझं वजन त्यांच्या पाठीवर पडू नये म्हणून हाता-गुडघ्यांवर, गाईसारखी. पदर डोक्यावरून घसरला. सासऱ्यापुढं, भावकीपुढं, परक्या माणसापुढं मी तशी होते. एरवी मामा ओसरीवर असले तर मी मागच्या दारानं जायची.

"पदर घे," मामा गुरगुरले. "लाज हाय का काय?"

"न्हाई. आबा, लाथ घालायची तर माज्या पाटीवर घाला."

आत्याबाईंनी माझा दंड धरून ओढलं. त्या रडत होत्या. "माज्या लेकराला मारतीस काय? सोड. बरं व्हतंय ते बी व्हऊ दीना."

फोटोचं नाव काढून उपयोग नव्हता. तिथं त्या फोटोला विचारतो कोण? मी मान वर करून आबांकडं बघितलं. "आबा, मी बी पायाळू हाय. ह्या गावातल्या पाटी माज्या पायाखालनं गेल्यात. ही उसण न्हाई. माजा पाय उचलत न्हाई ह्यांच्यावर, आन तुमचा बी उचलू नगा."

आबांचा पाय अजून अधांतरी होता. खाली यांचा श्वास ऐकू येत होता. वाटलं, आता हे आबा हसतील आणि मला बाजूला सारतील.

त्यांनी पाय खाली ठेवला. "पायाळूनं न्हाई म्हनलं म्हंजे मला लावता येत न्हाई," ते आत्याबाईंना म्हणाले. "मावशी, पोराला न्या दवाखान्यात." खांद्यावर टॉवेल टाकून ते निघाले, पाणीसुद्धा न घेता.

डॉक्टरनं सांगून झालं नाही ते असं झालं. पण यांना परत उताणं केलं तेव्हा पाय लाकडासारखे पडले. आदल्या दिवसापर्यंत टाच तरी उचलत होते, आता बोटसुद्धा हलेना. उचलून पालथं टाकताना झालं, की तसंही होणारच होतं, कुणास ठाऊक. मी पुण्याचं गाठोडं बांधायला घेतलं. बोलले असते तर थांबले नसते.

पुण्यात ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर मी आणि आत्याबाई, मध्ये पिशवी. मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, "हाड बसलंय, नसेवरचा दाब काढलाय. आता नस जागी होते का ते बघायचं. मी शब्द देत नाही." छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर. रोज सकाळी डॉक्टर तळपायाला टाचणी लावून विचारायचे, "कळतंय?" हे छताकडं बघत म्हणायचे, "न्हाई."

आठवडे गेले. आत्याबाई माझ्याशी बोलायच्या नाहीत, भिंतीशी बोलायच्या. "लावू दिला असता पाय, तर आज चालत असता." मी ऐकून घ्यायची. माझ्या मनात तरी दुसरं काय चाललेलं? मी सगळ्यांना अडवलं आणि तेच चुकलं असेल तर? मग जन्मभर हे दोन लाकडी पाय मी धुवायचे, आणि आत्याबाईंनी ते बघायचं. रडायचंही चोरून, संडासाच्या दारामागं.

रोज दुपारी मी तांब्याभर पाणी आणून यांचे पाय पुसायची. प्लॅस्टरच्या बाहेर माझ्या वाटणीला तेवढंच यायचं. त्या दिवशी थंडी होती, नळाचं पाणी बर्फासारखं. मी फडकं पिळलं, डाव्या तळपायावरून फिरवलं. माझं लक्षही नव्हतं.

"गार हाय गं पानी," हे म्हणाले.

मी सवयीनं फणकारले, "मग काय बंब पेटवू व्हय हितं?"

आणि मग माझा हात थांबला. यांचंही तोंड उघडंच राहिलं. मी फडकं परत लावलं, हळूच. यांनी डोळे मिटून मान हलवली. मी फडकं तसंच धरून बसले.

आत्याबाई कोपऱ्यातून उठल्या. माझ्या हातातला तांब्या घेतला, पदरानं डोळे पुसले, आणि गरम पाणी कुठं मिळतं ते विचारत वॉर्डाबाहेर गेल्या.