खांबावरून सांगितलेला निरोप

यशयाने टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाईनमनचं काम केलं. तिसगावपासून वाड्यावस्त्यांपर्यंत गेलेली तार त्याला पाठ होती. कुठल्या खांबावर मोहोळ लागतं, कुठे पतंगाचा मांजा अडकतो, सगळं.

त्याच्या गावात तेव्हा एकच फोन, सरपंचांच्या ओसरीवर. एका जानेवारीत तो चार दिवस मुका पडला. यशया चर्चमधली रविवारची उपासना बुडवून तार तपासत निघाला आणि दोन कोसांवर त्याला तुटका जोड सापडला. तो खांबावर जोड बांधत होता, तेवढ्यात गावातली भीमाबाई फोन कधी सुरू होतो ते विचारायला धापा टाकत आली. तिचा लेक अंगद बायकोला घेऊन ऊसतोडीला गेलेला. दर रविवारी दहा वाजता तो साखर कारखान्याच्या ऑफिसात आईच्या फोनची वाट बघत थांबायचा.

"धा वाजलं रं. माघारी गावात कवा पोचू मी?"

यशयाने तपासणीचा फोन तारेला जोडला आणि तिसगावच्या एक्स्चेंजमधल्या वैजनाथला कारखान्याचा नंबर लावायला सांगितला. अंगद तिथे होताच. पण फोनची दोरी हातभर, अन् भीमाबाई खाली जमिनीवर.

"मावशी, तुमी बोला, मी सांगतो त्याला."

"सून कशी हाय, इचार."

त्याने विचारलं, ऐकलं आणि खाली वाकून म्हणाला, "पोरगी झाली, काल. दोघी बऱ्या हायेत."

गरोदर सुनेला तोडीवर नेलं म्हणून तो निघताना भीमाबाईने लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं; रविवारी फोनवरही ती फक्त सुनेची चौकशी करायची.

"त्याला म्हन, पाचटाच्या कोपीत गारठा लागंल, शेकोटी इझू देऊ नगं. तिच्या हातात कोयता देऊ नगं." मग खांबाजवळ सरकून, "म्हन, आईचा राग न्हाई तुज्यावर."

यशयाने एकेक शब्द तसाच सांगितला. शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं.

यशयाला निवृत्त होऊन आता बारा वर्षं झाली. यंदा गावात इंटरनेटची फायबर केबल आली. ठेकेदाराची सुपरवायझर ज्योती नकाशा घेऊन ओढ्यातून चर खणायला निघाली, तेव्हा यशया आडवा आला. "पोरी, पहिल्या पुरात जाईल सगळं. वरच्या बांधाने ने." ज्योतीने नकाशा गुंडाळला आणि त्याच्या मागोमाग सगळा बांध चालून पाहिला. चर तिथूनच गेली.

आता नागापूरच्या कारखान्यात नोकरी करणारी यशयाची लेक ग्रेस रोज व्हिडिओ कॉलवर दिसते, जेवलात का विचारते. फोन ठेवल्यावर यशया दारातून तारेच्या जुन्या खांबाकडे बघत बसतो.

"काय झालं?" बायको, स्टेला, विचारते.

"काही नाही. आता मधे निरोप्या लागत नाही, ज्याचं तो बोलतो. बरंय."

गेल्या आठवड्यात ज्योतीचा फोन आला. "काका, पुढच्या वस्तीला केबल कुठून न्यावी?"

यशयाने लगेच पायात चपला घातल्या.