घरट्याची तपासणी

यादवराव दोंदे बायकोनं दिलेला चहासुद्धा आधी हुंगायचे आणि मगच प्यायचे. ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. विमानाच्या पंखाला छोटी झाकणं असतात. ती उघडून, आत डोकावून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय या माणसानं कधी सही केली नाही. कारखान्यात या स्वभावाचं कौतुक झालं, घरी मात्र त्याचा जाच झाला. २००३ साली ते निवृत्त झाले, आणि आडगाव नाक्याजवळच्या त्यांच्या कॉलनीत दूधवाला, पोस्टमन, गॅसवाला, कुणी म्हणून त्यांच्या तावडीतून सुटेना.

सगळ्यात मोठा संशय शेजारच्या विमलाबाईंवर. अकरा वर्षांपूर्वी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया अर्ध्या गायब झाल्या होत्या, आणि गच्चीला गच्ची लागून होती. पुरावा काय तो एवढाच! विमलाबाई एकट्या राहायच्या, तेव्हा शाळेत शिक्षिका होत्या, आता त्याही निवृत्त. "खारींनी नेल्या असतील," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांमधला जयभीम बंद झाला.

निवृत्तीनंतरच्या मार्चमध्ये दोन घरांमधल्या भिंतीवरच्या मधुमालतीत बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. पुढे तीन पिल्लं निघाली. यादवराव सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. बुलबुल चोचीत अळी घेऊन यायचा, पानांत शिरायचा, आतून चिवचिव व्हायची आणि तो रिकामा बाहेर पडायचा. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि न दिसणारी गोष्ट म्हणजे यादवरावांच्या डोक्याला ताप.

"अळी पिल्लांनाच देतो कशावरून? स्वतः खात असेल," ते म्हणाले.

"तुम्ही त्या मुक्या जिवालाही सोडू नका," कलाबाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री घेतली आणि आपल्या बाजूच्या फांद्या कापून वेलीला ताटलीएवढी खिडकी पाडली. आता घरटं खुर्चीतून स्वच्छ दिसू लागलं. तीन उघड्या चोची, बोडकी अंगं, लटपटत्या माना. कलाबाई म्हणाल्या, "अहो, त्यांचा आडोसा कशाला काढलात?" त्यावर उत्तर तयारच होतं, "मी आहे ना पहाऱ्याला!" एक वही घातली गेली. सात दहा, अळी. सात अठरा, नाकतोडा. सात पंचवीस, चोच रिकामी, चौकशी करणे.

मग त्यांच्या लक्षात आलं की विमलाबाईही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतायत. तिकडे भिंतीलगत पत्र्याचं छप्पर होतं आणि त्याखालून घरटं त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. यादवरावांच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई दिवसभर खिडकीत काय करते? एकदा हातात काठी दिसली. एकदा तर ती "हाड, हाड" असं ओरडली आणि बुलबुलांची जोडी उडून गेली. वहीत नोंद झाली, लाल शाईनं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यादवराव डुलकी काढून बाहेर आले, तर वेलीवरून त्यांच्या बाजूला एक जुनी हिरवी साडी सोडलेली. पाडलेली खिडकी पार झाकली गेली होती.

"बघ! लपवाछपवी सुरू झाली," ते तणतणले. "पिल्लं काढून मांजराला घालायची असतील, म्हणून पडदा!" कलाबाई नको नको म्हणत असताना त्यांनी साडी ओढून काढली, तिचा बोळा केला आणि भिंतीपलीकडे भिरकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले. डोक्यावर पहिला तांब्या घेतला तोच बाहेर बुलबुलांनी आकांत मांडला. पंचा गुंडाळून धावले तेव्हा घरट्यात एकच पिल्लू उरलं होतं. पहाऱ्याचा बोजवारा एका तांब्यात उडाला.

"काय केलंत पिल्लांचं?" ते भिंतीपाशी जाऊन गरजले.

विमलाबाई खिडकीतच होत्या. त्यांचे डोळे भरले होते. "कावळ्यांनी नेली. मी काठी घेऊन येईपर्यंत दोघं दोन बाजूंनी आले. तीन दिवस समोरच्या तारेवर बसून होते, यादवभाऊ. तुम्हाला दिसतं ते त्यांना दिसणार नाही? म्हणून साडी बांधली होती."

यादवराव मागे वळले. तारेवर अजून एक कावळा होता. तीन दिवस त्यांची नजर विमलाबाईंच्या खिडकीवर होती, तारेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली. बुलबुल पुन्हा अळी घेऊन आला, घरट्याच्या काठावर बसला, आणि उरलेल्या एका चोचीत त्यानं ती घातली. यादवरावांना ते बघवेना.

कपडे करून ते विमलाबाईंच्या दारात गेले. "जयभीम," म्हणाले. "ती साडी परत बांधा."

"जयभीम. तुम्हीच बांधा," विमलाबाईंनी साडी त्यांच्या हातात दिली. "मी हात लावला तर उद्या उरलेलं पिल्लूही माझ्याच नावावर जाईल."

त्यांनी स्वतःच्या हातानं साडी बांधली, चारी कोपरे ओढून, फट न ठेवता. आता ओट्यावरून नुसतं हिरवं कापड दिसायचं. दिवसभर ते तारेवरचे कावळे हाकत बसायचे. वही कपाटात गेली. तासातासानं ते भिंतीपाशी जाऊन विचारायचे, "भरवलं का हो?" पलीकडून उत्तर यायचं, "भरवलं. आत्ताच." खरं की खोटं हे बघायला वाट नव्हती. पहिल्या दिवशी साडी जरा उचलावी म्हणून त्यांचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला.

जयंतीच्या दोन दिवस आधी, गल्लीत निळ्या पताका लागत असताना, विमलाबाईंनी खिडकीतून हाक मारली, "यादवभाऊ, उडालं! आधी छपरावर बसलं, मग गेलं आईच्या मागे."

यादवराव घरात आले आणि पिल्लू उडाल्याचं त्यांनी बायकोला सांगितलं.

"तुम्ही बघितलंत?" कलाबाईंनी विचारलं.

"विमलाबाईंनी बघितलं," यादवराव म्हणाले.